सत्तावीस नंबरचा दगड

“हळू ठेव रं कुंडलिक. लई खोल पुरू नको, परत काढायचा हाय.”

सहा वर्षं झाली, पण हा आवाज माझ्या अंगातून जात नाही. पहार लागल्यासारखा तो अजून आत कुठेतरी ठणकतो.

मी हद्दीचा दगड आहे, मित्रांनो, आणि बराच जुना आहे. माझ्या डोक्यावर लाल रंगात सत्तावीसचा आकडा आहे. त्यातला सात आता निम्मा पुसलाय. सोलापूर शहर संपतं आणि मोकळं रान सुरू होतं, तिथल्या एका ओढ्याच्या काठी मी उभा आहे.

तुळजापूरच्या वाटेवरच्या खाणीत माझा जन्म झाला. छिन्नीचे घाव सोसत मी चौकोनी झालो आणि बिरप्पाच्या शेताच्या कोपऱ्यात येऊन बसलो. त्या दिवसांत मला मान होता. येळवस अमावस्येला बिरप्पा खांद्यावर घोंगडी टाकून शेताला फेरी घालायचा आणि माझ्यावर आंबील शिंपडायचा. त्याची बायको बजाबाई भांगलताना म्हणायची,

बांधाच्या गं कोपऱ्याला, काळा पाथर राखण,
जागा सोडीना बाई, जसं बापाचं वचन.

ती ओवी ऐकली की मला वाटायचं, आपण नुसता दगड नाही. आपल्यावर दोन घरांचा विश्वास उभा आहे.

बिरप्पा गेला, बजाबाई गेली. मुलांनी रान विकलं. उदयसिंह नावाच्या माणसाने ते घेतलं, फक्कीच्या रेघा ओढल्या, मुरूम टाकला, लोखंडी कमान उभारली. मला उपटून रंगवलं. नकाशात सत्तावीस नंबरचा प्लॉट अर्धा ओढ्यात येत होता. पण उन्हाळ्यात ओढा कुठे असतो, मित्रांनो? नुसती शेळ्यांची वाट असते. तरी उदयसिंहने जोखीम घेतली नाही. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या गड्याकडून, कुंडलिककडून, मला शंभर पावलं वर, चांगल्या मुरमाड जागेवर पुरून घेतलं. ती जागा आधीच दुसऱ्याला विकलेली होती.

दुसऱ्या दिवशी मुबीन आला. तो टॉवेल विणायचा. घरामागच्या शेडमध्ये त्याचे स्वतःचे दोन माग होते. माग जुने होतात, जमीन जुनी होत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आज घेऊन ठेवायची, सहा वर्षांनी दुप्पट भावाने विकायची आणि मुलीला, आयतला, नर्सिंगला घालायचं, असा त्याचा बेत होता.

“पाण्याचं काय?” त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

“मुबीनभाई, पन्नास फुटावर पाणी लागतंय हितं,” उदयसिंह म्हणाला. “बोअरवाला पाइप लावायच्या आत भिजतोय!”

मुबीन खूश झाला. त्याच्या गल्लीत नळ चार दिवसांआड यायचा. सोलापूरचा माणूस जमीन बघायला गेला की पाणी लागतं का, एवढंच विचारतो. पाणी शिरतं का, हे त्याच्या मनातही येत नाही. तहानेत वाढलेल्याला पुराची भीती सुचावी तरी कशी?

“सोमवारपासून भाव वाढतोय,” उदयसिंहने घड्याळाकडे बघत सांगितलं. मुबीनने तिथेच विसार दिला. त्याने मोजणी मागितली नाही, सरकारी नकाशा पाहिला नाही. उदयसिंहने दिलेल्या झेरॉक्सवर ओढा काढलेलाच नव्हता.

आठ दिवसांनी, खरेदीच्या आधी, तो रुक्सानाला आणि आयतला जागा दाखवायला घेऊन आला. तोवर वरच्या जागेचा मालक कुंपण घालायला येणार म्हणून कुंडलिकने मला परत ओढ्याकाठी आणून ठेवलं होतं. मोकळं रान सगळीकडे सारखंच दिसतं. मुबीनने माझ्या डोक्यावरचा आकडा पाहिला आणि त्याचं समाधान झालं.

सहावीतली आयत माझ्यावर चढून बसली. “अब्बा, हे सगळं आपलं?”

“तुझं, बेटा. ही तुझी फी आहे.”

रुक्साना मात्र खाली बघत होती. तिचं माहेर माढ्याकडचं, ओढ्याकाठचं. वाळलेल्या गवतात तिला काहीतरी दिसलं. तिने वाकून एक काडी मुळासकट उपटली. मुळाला काळ्या गाठी होत्या. तिने त्या नाकाशी धरल्या आणि तिचा चेहरा उतरला.

“अहो, ऐका की...”

“आता काही काढू नकोस,” मुबीन हसत म्हणाला, पण त्या हसण्याला धार होती. “जुळे सोलापूरच्या प्लॉटला तू नको म्हणालीस. आज तिथं तीन मजले उभे आहेत. तुझं तोंड लई महागात पडतंय मला.”

रुक्सानाने काडी टाकून दिली आणि हात ओढणीला पुसला.

“काही नाही. हवा चांगली आहे म्हणते.”

दोन्ही माग विकले गेले. मुबीन दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर जाऊ लागला. दर रमजान ईदनंतर तो आयतला घेऊन यायचा, मला चुना लावायचा, फडक्याने पुसायचा. बजाबाईनंतर माझ्यावर एवढी माया कुणी केली नव्हती. पण तो यायचा ते कोरड्या दिवसांत. एका वर्षी परतीच्या पावसात मी आठ दिवस पाण्याखाली होतो, तेव्हा बघायला कुणी नव्हतं. दगडाला तोंड नसतं, मित्रांनो, याचं मला तेव्हा पहिल्यांदा दुःख झालं.

यंदा आयत बारावी झाली. नर्सिंगच्या यादीत नाव लागलं. मुबीनने प्लॉट विकायला काढला आणि भाद्रपदात अंकिता मॅडम आल्या. श्रीपूरला साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, आयुष्यातली पहिलीच जागा घ्यायची होती. पायात गमबूट, सोबत वकील आणि मोजणीवाला.

“एवढ्या चिखलात कशाला आलात, मॅडम?” मुबीन ओशाळून म्हणाला. “दिवाळीनंतर छान दिसते जागा.”

“उन्हाळ्यात सगळ्याच जागा छान दिसतात, काका. म्हणून मी पावसात बघते.”

मोजणीवाल्याने नकाशा उघडला. ओढ्याची निळी रेघ सत्तावीसच्या मधोमध जात होती. “हितं बांधकामाला परवानगीच नाही मिळायची,” तो म्हणाला.

“पण दगड वर होता!” मुबीनचा आवाज फाटला. “मी बघितला तेव्हा दगड वर होता!”

अंकिता मॅडमने शेळ्या राखत बसलेल्या कुंडलिकला विचारलं, “मामा, पाणी कुठवर येतं?”

कुंडलिकने माझ्याकडे बोट केलं. “ह्येच्या डोक्यावरनं जातंय. खोटं कशाला बोलू.” मग मुबीनची नजर चुकवत पुटपुटला, “शेठ सांगतील तितं दगड, भाऊ. आमी रोजंदारीची माणसं.”

“कमी भावात घेता का?” मुबीनने हात जोडले.

“काका, माझ्या आईची सगळी पुंजी आहे ही,” त्या हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मित्रांनो, मला हलवणारे हात मी थांबवू शकलो नाही. तुम्ही तरी एवढं करा. दगडावर विश्वास ठेवू नका, मोजणीवर ठेवा. कोरड्या दिवसांत जागा आवडली तर भर पावसात पुन्हा एकदा जाऊन पाहा. शेजारच्या शेळ्यावाल्याला विचारा. सातबारा, परवानगी, जुने व्यवहार तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे. सोमवारी भाव वाढतो म्हणणाऱ्याला सोमवारच्या पुढे भेटा. आणि ज्या मागावर घर चालतं, तो विकून जमीन घेऊ नका. जमीन वाट बघायला लावते, पोट वाट बघत नाही. आणि घरातलं कुणी ‘ऐका की’ म्हणालं, तर थांबून ऐका.

त्या दिवशी मॅडम गेल्यावर तिघंच उरले होते. मुबीन माझ्यावर बसला होता, त्याच्यासोबत आलेली रुक्साना चिखलात उभी होती. कॉलेजने फी भरायला दिलेल्या मुदतीला चार दिवस उरले होते. कुंडलिक जवळ आला.

“भाऊ, मन लहान करू नका. वरच्या मालकानं कुंपण काय अजून घातलं न्हाय. दिवाळीपतोर ओढा आटंल, मी दगड वर सरकवून देतो. तवर फी उसनवारीवर भागवा, मग दुसरं गिऱ्हाईक बघा. येतंय की कुणीतरी.”

मुबीन उठला. त्याने वरच्या मुरमाड जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा तळहात माझ्या डोक्यावर आला आणि अंदाज घ्यावा तसा दाब वाढला. मी हललो. मला बजाबाईची ओवी आठवली आणि आणखी जड होता यावं म्हणून मी धडपडलो.

तेवढ्यात रुक्साना खाली वाकली. तिने पाण्यातून एक हिरवी काडी मुळासकट उपटली आणि त्याच्या हातापाशी, माझ्यावर ठेवली. मुळाला त्याच काळ्या गाठी होत्या.

“हात काढा,” ती म्हणाली. “हा लव्हाळा आहे. पाणी साचतं तिथंच उगवतो. पहिल्या दिवशी इथं आले तेव्हाच मी ओळखला होता. माग विकायचे होते अजून. तुमच्या बोलण्याला भिऊन मी हवा चांगली आहे म्हणाले. पोरीची फी मी बुडवली, तुम्ही एकट्यानं नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाची पोर ह्या दगडावर येऊन बसली, तर मी गप्प बसणार नाही.”