मी, मत्तायींच्या दारातली काच

मी काच बोलतेय. समोर कोणी दिसत नाही म्हणून गोंधळू नका. न दिसणं हा माझा एकुलता एक गुण आहे.

कोट्टयमच्या दुकानात मी एका भल्याथोरल्या काचेचा भाग होते. तिचे मोठे तुकडे सोनाराच्या पेढीत गेले. मी उरलेला कोपरा. तरी मिजास केवढी! एखाद्या रत्नहारापुढे उभं राहायची स्वप्नं बघत होते. नेलं मला कुर्याकोसने, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुक्या मासळीच्या पिशवीला टेकवून.

त्याच्या वडिलांच्या खोलीला मापाचं नवं दार बनत होतं. हे वडील म्हणजे मत्तायी, घरात सगळ्यांचे अप्पच्चन; एके काळी बोट चालवणारे सारंग होते. आता कानांनी अधू. पण तसं घरात म्हणायची सोय नव्हती. आतून कडी लावून बसायचे. एकदा आत घसरून पडले. हाकांना ओ देईनात, शेवटी दार फोडावं लागलं. म्हणून नव्या दारात मी.

वेलायुधन सुताराने मला खाचेत धरलं. मी बसेना.

"काच वाकडी कापलीय," तो म्हणाला.

"काच सरळ आहे, दार वाकडं आहे तुझं!" कुर्याकोस उखडला.

मला तो देवासारखा वाटला. मग सुताराने काटकोन तपासायचा गुण्या लावला. वाकडी मीच निघाले. माझी कड घासली, चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि मी कशीबशी बसले.

अप्पच्चन मला बघून भडकले. "मी काय बेकरीतला हलवा आहे, येताजाता डोकवायला?" त्यांनी आतून माझ्यावर लुंगी टांगली. एवढी मी पारदर्शक, आणि माझ्यातून दिसायचं काय, तर हिरव्या चौकड्या.

बाहेरचं मात्र मला सगळं दिसे. सून शोशम्मा सकाळी कॉफी घेऊन यायची, दार वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची. शेवटी पेला स्टुलावर ठेवून कामाला जायची.

"ही वाजवतच नाही," अप्पच्चन मुलाला सांगत. "मुद्दाम गार कॉफी पाजते मला."

"वाजवते हो. तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला? अरे, पलीकडच्या काठावरची शिट्टी ऐकायचो मी!"

एके दिवशी म्हातारा हट्टाला पेटला. "मला पाला गावी लेकीकडे पोचव. या घरात माझी किंमत नाही."

शोशम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोचवा त्यांना. माझ्याच्याने आता होत नाही." तिचा आवाज रडवेला होता. अप्पच्चनांना तोही ऐकू गेला नसावा.

निघायच्या सकाळी अप्पच्चनांनी पिशवी भरली. सगळ्यात शेवटी लुंगी भरायला म्हणून ती माझ्यावरून ओढली, आणि समोर शोशम्मा.

एका हातात पेला. दुसऱ्या हाताने ती दार वाजवत होती. बोटांची पेरं लाकडावर आपटत होती, ओठ 'अप्पच्चा, अप्पच्चा' म्हणत होते. तिने हात बदलला, पुन्हा वाजवलं.

म्हातारे बघत राहिले. मग त्यांनी हळूच माझ्यावर तळवा टेकवला. प्रत्येक ठोक्याला मी थरथरत होते. तेवढं त्यांच्या हाताला कळलं. कानांना नाही.

त्यांनी कडी काढली.

"केव्हापासून वाजवतेयस?"

"आत्ताच आले," शोशम्मा मोठ्याने म्हणाली. कॉफीची वाफ केव्हाच उडाली होती.

अप्पच्चनांनी पेला तळापर्यंत संपवला. "गरम आहे चांगली," ते म्हणाले.

दोघंही धडधडीत खोटं बोलले, आणि स्वच्छ म्हणून मिरवणारी मी गप्प बसले.

पिशवी परत रिकामी झाली. हे सगळं मीच घडवलं, असं सांगायला मला फार आवडेल. पण मी जागची हललेही नव्हते. थरथरले तेही दुसऱ्याच्या जोरावर.

आज बापलेक कानाच्या डॉक्टरकडे गेलेत. "कान ठणठणीत आहेत, नुसता मळ काढून येतो," असं म्हातारे जाताना बजावत होते. उद्या यंत्र बसलं की माझं काम संपेल. मग टांगा हवी ती लुंगी, चिकटवा कॅलेंडर. माझी तक्रार नाही.

आत्ता मात्र थोडं थांबा. एरवी बाहेर जाताना अप्पच्चन खोलीला कुलूप लावत. आज लावलं नाही. शोशम्मा फडकं घेऊन आत आलीय, आणि माझी आतली बाजू पहिल्यांदाच पुसतेय.