उन्हात भरलेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. चौकोनी, बोटभर उंचीची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी. तुम्हाला मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. माणसांशी मैत्री करावी असं मला आजवर काही दिसलेलं नाही.

कारखान्यातलं बालपण उगाळत बसत नाही. रायपूरला तेलीबांध्यात यशवंतरावांच्या घरी आले, तिथून ऐका. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. आजारपणात डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली होती. गळ्याला एक यंत्र टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की घरघरत शब्द निघत. त्या यंत्रात मी असे. म्हणजे त्या घरातल्या कर्त्या माणसाचा आवाज माझ्या जिवावर चाले.

त्यांच्या बायकोला, वनमालाबाईंना, तेवढी अक्कल होती. उन्हाळ्यात त्या मला रुमालात गुंडाळून आतल्या थंड खोलीत ठेवत, पिना आणि नाण्यांपासून लांब. गरम असले तर आधी निवू देत, मगच चार्जरला लावत, आणि भरले की काढून घेत. यात काय अवघड आहे? पण माणसांना सोपं सांगितलेलं पचत नाही.

मे महिन्यात त्यांच्या मुलीच्या, मंजिरीच्या, लग्नाची बैठक ठरली आणि यशवंतरावांचा थोरला भाऊ विनायकराव गोंदियाहून येऊन उतरला. दीडशहाणा नुसता! आल्या आल्या त्याने मला उचललं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं.

"सेल उन्हातच भरते. आम्ही जिंदगीभर रेडिओचे सेल असेच तापवले," म्हणे.

अहो, ते सेल मरायला टेकलेले असत, ऊन लागलं की घटकाभर धुगधुगत. माझी जात वेगळी, पण हे त्या डोक्यात शिरणार कसं? रायपूरच्या उन्हात मी रोज भाजून निघत होते, आणि वर तो मला तशीच तापलेली चार्जरला खुपसायचा. वनमालाबाई पाहुण्यांच्या तयारीत होत्या. थोरल्या भावापुढे ब्र काढायची यशवंतरावांना सवय नव्हती. माझी ताकद आतल्या आत आटत गेली.

बैठकीला मुलाकडची मंडळी ऐसपैस पसरून बसली. मंजिरी मंत्रालयात नोकरीला होती. मंत्रालय गेलं नव्या रायपुरात, तिकडे बसगाड्या मोजक्याच, तेव्हा लग्नानंतर ही नोकरी चालायची नाही, असं मुलाच्या वडिलांनी फर्मावलं. मंजिरीने ती नोकरी जिद्दीने मिळवली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. तिच्या बाजूने बोलेल असा तिथे तो एकच माणूस होता. यशवंतरावांनी यंत्र गळ्याला टेकवलं.

"माझी पोट्टी नोकरी सोडणार..."

आणि मी संपले.

त्यांचे ओठ पुढे हलले, पण आवाज निघाला नाही. मराठीत नकार येतो शेवटी, आणि नेमका तोच आत राहिला. मुलाचे वडील खूश झाले. विनायकरावाने लगेच पेढ्यांचा डबा उघडला आणि बोलला ना, सोडणार म्हणून, असं ज्याला त्याला सांगत सुटला. यशवंतराव बटण दाबत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते आनंदाचं आहे असं समजून ही माणसं हसली. शी! मला त्या सगळ्यांची किळस आली.

मंजिरी उठून उभी राहिली.

"मोठे बाबा, डबा बंद करा. बाबांचं बोलणं पुरं नाही झालं. सोडणार नाही, म्हणून राहिले ते. मी त्यांचे ओठ वाचते."

मंडळी पेढा न खाताच गेली. चांगलं स्थळ घालवल्याचं खापर विनायकरावाने माझ्यावर फोडलं, आजकालच्या मालात दमच नाही म्हणाला. स्वतःच्या डोक्यात काय आहे ते त्याने कधी पाहिलं नाही.

तर मित्रांनो, आम्हाला सावलीत ठेवा, निवल्यावर चार्ज करा, आणि येत नसेल ते करायला जाऊ नका. एवढंही जमत नसेल तर दुसऱ्याच्या आवाजाला हात तरी लावू नका.

मी आता अडगळीच्या खणात पडून आहे. यंत्रात नवी बॅटरी आली आहे, चांगली ठणठणीत. तरीही यशवंतराव कुणाला नकार द्यायचा असला की आधी 'नाही' म्हणून घेतात, आणि मग बाकीचं वाक्य बोलतात.