गाठींचा दोरा

माझ्या भाचीचं कौतुक मला सांगू नका. बहीण गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, तेव्हापासून पोटच्या पोरीसारखी वाढवलीय मी तिला. आता चोविसाव्या वर्षी ती पैसे गोळा करून परदेशात शाळा बांधते, जिथे पोरांना बसायला छप्पर नाही तिथे. काम चांगलंच आहे. त्याला वाईट म्हणेल त्याची जीभ झडो. पण माझ्याशी जे केलं ते केलंच.

मी गणवेशाच्या दुकानात कापड बेतते, वीस वर्षं झाली. मापं वहीत लिहीत नाही, जाड दोऱ्यावर घेते. खांद्याला एक गाठ, छातीला दोन, बाहीला तीन. प्रत्येक गिऱ्हाइकाचा दोरा वेगळा. मालक चार लोकांत सांगायचे, "बाईंची जुनी पद्धत, सूतभर चुकत नाही!" पद्धत कसली डोंबलाची! मला लिहिता-वाचता येत नाही. चिठ्ठी आली की "चष्मा घरी राहिला हो, वाचा जरा" म्हणायचं. त्या चष्म्याला नंबरसुद्धा नाही.

हे फक्त ठमीला ठाऊक होतं. भाचीला मी ठमीच म्हणते. आठ वर्षांची असताना ती गणितात नापास झाली, आणि प्रगतिपुस्तक बघून मी तिची पाठ थोपटत म्हणाले, "शाब्बास!" पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि समजली. "मावशी, कुणाला नाही सांगणार. आईची शपथ." जिला आई नाही तिने आईची शपथ घेतली, म्हणून मी निश्चिंत होते.

तिचाही एक दोरा होता. दर वाढदिवसाला तिची उंची मोजून त्यात गाठ मारायची. उंची वाढायची थांबली तरी मी गाठीवर गाठ मारतच राहिले.

गेल्या आठवड्यात म्हणाली, "मावशी, माझा दोरा दे ना. शाळेच्या देणगीसाठी सभा आहे, तिथे दाखवते." दिला. नवे कपडे घालून, चष्मा लावून पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारी मालक, त्यांनाही तिनेच बोलावलेलं.

माइक हातात घेऊन तिचं पहिलंच वाक्य, "माझ्या मावशीला वाचता येत नाही." मग चष्म्याचं नाटक सांगितलं. मग दोरा उंच धरला. लोक डोळे पुसत होते. मालकांनी मान वळवून माझ्या चष्म्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाहेर आल्यावर ठमीने मिठीच मारली. "बघितलंस, मावशी? सगळे रडले!"

"मला विचारलं होतंस?"

"अगं, यात लाज कसली? तुझ्यामुळे किती पोरं शिकतील!"

बोलले तर मीच पोरांच्या मुळावर उठलेली ठरणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली, ती मालकांनी मला वाचून दाखवली. एकेक शब्द सुटा, मोठ्याने, जणू मी बहिरी आहे. "समजलं ना, बाई?" मग नवी वही काढली. "आजपासून मापं मी लिहीन. दोऱ्याचा काय भरवसा?" वीस वर्षांत सूतभर न चुकलेला माझा दोरा! मी कात्री खाली ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन रडले.

संध्याकाळी ठमी घरी आली. म्हटलं, "माझा दोरा दे."

ती जरा घुटमळली. "तो आज देणगीच्या लिलावात गेला गं. एकाने इतकी मोठी देणगी दिली की त्यात अख्खी शाळा होईल. आणि शाळेला नाव कुणाचं माहितेय? तुझं! हा बघ पाटीचा नमुना."

तिने कागद माझ्या हातात दिला. काळी काळी अक्षरं होती. त्यातलं माझं नाव कुठलं, ते मला कळेना. तिचा चेहरा नुसता फुललेला.

मी तिची पाठ थोपटली. म्हटलं, "शाब्बास!"

आठव्या वर्षी एका नजरेत समजलेली पोर. या वेळी नुसती खूश होऊन हसली.