पट्टीखालचा उजेड

देवरामनं भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीला पोलादी पट्टी लावली आणि डोळा बारीक करून पाहिलं. ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर! पत्र्यावर पट्टी ठेवायची, खालून उजेड दिसला की पत्रा वाकडा. निवृत्त झाला, पण पट्टी काही हातातून सुटली नाही.

फोटो थोरल्या अंजलीचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पाठीचा कणा असा वळत गेला की फुप्फुसाला जागाच उरली नाही. बाविसाव्या वर्षी न्यूमोनियानं नेलं पोरीला. फोटोत मात्र ती ताठ बसलेली. पंचवटीतल्या स्टुडिओवाल्याकडून देवरामनंच तिचे खांदे कॉम्प्युटरवर सरळ करून घेतले होते.

धाकटी मनाली पुण्याहून आली होती. प्रयोगशाळेत माशांवर काम करते, एवढंच त्याला ठाऊक. आज सहज विचारलं, आणि नसतं विचारलं तर बरं, असं झालं.

"मज्जारज्जूच्या मधून एक बारीक नळी जाते, बाबा. आत पाण्यासारखा द्रव असतो. त्या द्रवाला टेकलेल्या काही पेशी असतात. कणा वाकला की त्यांना ते कळतं, त्या शरीराला कळवतात. माशांत ही यंत्रणा बिघडली, तर मासा वाढता वाढता वाकडा होतो."

"आणि माशाला कळत नाही?"

"कळवणारंच कोणी उरत नाही ना."

देवरामनं पट्टी मांडीवर ठेवली.

"माणसाचंही असंच?"

"ते अजून नक्की ठाऊक नाही. ताईचं तसंच होतं, असं मी म्हणत नाहीये."

ती म्हणो न म्हणो. पाळीवरून आला की हा बाप रोज संध्याकाळी पोरीच्या पाठीला हीच पट्टी लावायचा. उजेड दिसला की भडकायचा. "ताठ बस! किती वेळा सांगायचं?" आणि नऊ वर्षांची अंजली रडकुंडीला येऊन म्हणायची, "बाबा, मी सरळच बसलेय." धडधडीत खोटं बोलते म्हणून एकदा त्यानं तीच पट्टी तिच्या पाठीवर हाणली होती. आळस आहे, मोडेल, असं म्हणत चार वर्षं घालवली आणि मग डॉक्टर गाठला. तोवर फार उशीर झाला होता.

पोर खोटं बोलतच नव्हती.

त्याला हुंदका आवरेना. मनाली पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर त्यानं तो बाजूला सारला, उठून भिंतीवरचा फोटो उतरवला आणि पालथा ठेवला.

"मने, तिचा मूळचा फोटो आहे का गं तुझ्याकडे? स्टुडिओत द्यायच्या आधीचा?"

"मोबाइलमध्ये आहे. पण बाबा, त्यात ताई एका बाजूला कललेली..."

"तोच मोठा करून आण," देवराम म्हणाला. "त्यात ती सरळ बसलीये."