एडका, लोकर आन् स्पॅनिश

माझी नात अनुपमा शिक्रापूरच्या कंपनीत पॅकिंगला व्हती. तिथं स्पेनहून मशिनी आल्या, इंजिनिअर आले. साहेब म्हणला, स्पॅनिशची परीक्षा काढ, दुभाषी म्हणून तुलाच घेतो. पोरगी दोनदा नापास. तिसऱ्यांदा बी नापास झाली आसती तर पुण्याहून दुसरी कुणी येणार व्हती.

दोन्ही टायमाला एकाच जागी अडली. जे घडलं न्हाई, पर घडलं आसतं तर, आसं बोलायची क्रियापदं. म्या म्हणलं, "आगं, मी जलमभर दुसरं काय बोलले?"

तिनं वही दाखवली. 'ते बोलले' म्हंजी आब्लारोन. त्याचं रोन काढायचं आन् रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावायचं. 'ते जेवले' कोमियेरोन, त्याचं बी तसंच. ही तर मेंढरं कातरायची रीत. एक मेंढी धरता आली की समदा कळप आला. मी जुनी कातर काढली. ती एकेक म्हणायची, मी खच्चकन वाजवायची. 'आम्ही कातरलं आसतं तर' म्हंजी कोर्तारामोस. जोर 'ता'वर द्यायचा, ही 'रा'वर द्यायची. म्या सांगितलं, मानंच्या घडीपाशी कातर हळू चालती, तशी तिथं जरा दमानं घे. चार दिसात कळप कातरून झाला.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर. मला खोलीत बंदी, म्हणून खिडकीखाली बसले. लॅपटॉपातली मास्तरीण काय तरी इचारती. म्या पदर तोंडात कोंबला.

मंग पोरगी बोलत सुटली. आबुएला म्हंजी आजी, एवढं मला ठावं. मधीच दौंड आलं, तवा कळलं, ती ल्हान आसताना मी सांगायची ती एडक्याची थापच कार्टीनं घातली. आमचा एडका आम्ही कातरला आसता, तर लोकर दौंडच्या ठेसनापतुर गेली आसती आन् गाड्या तीन दिस अडकल्या आसत्या. कोर्तारामोस आलं, जोर बराबर 'ता'वर. मास्तरीण खो खो हसली.

आठ दिसांनी निकाल आला. पास. आता मशीन अडली की मोठमोठे साहेब "अनुपमाबाई" म्हणून हाक मारत्यात.

परवा एक स्पेनचा इंजिनिअर घरी च्याला आला. अनुपमानं त्याला बी ती गोष्ट सांगितली व्हती. त्यानं इचारलं, तो एडका कुठाय? अनुपमा माझ्याकडं बघाया लागली.

"सांग त्याला," म्या म्हणलं, "तुमच्याच देशाला गेलाय. तिथल्या रेल्वे अडवायला."

तिनं सांगितलं. एकदा बी न चुकता.