मला फक्त मधले पान दिसले

ज्या वर्षी रेनो कोस्केलाच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या डुलुथच्या आमच्या चर्चने नवे यंत्र आणले आणि मला वेर्नाच्या हाती देऊन टाकले. ते साल १९८७. मित्रांनो, मी लांब हाताचा लोखंडी स्टेपलर आहे. माझा रंग उडाला आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे, आणि आयुष्यात जे पाहिले त्यातले निम्मे मला अजून समजलेले नाही. तरी सांगतो.

चर्चमध्ये मी रविवारच्या प्रार्थनेचे कागद टाचत असे. तेव्हा मला वाचता येत नव्हते. अक्षरे मला वेर्नाच्या घरी आली, तीही उतारवयात, तिच्या मुखपृष्ठांवरची ठसठशीत अक्षरे पाहून पाहून.

वेर्ना ही रेनोची धाकटी बहीण. सकाळी आणि दुपारी ती शाळेची बस चालवायची आणि उरलेल्या वेळात स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रकथा काढायची. तिला मालक नव्हता, संपादक नव्हता. चित्रे तिची, अक्षरे तिची, झेरॉक्स काढून आणायची तिनेच, घड्या घालायच्या तिनेच. मग माझी पाळी. पुस्तिका उघडून माझ्या जबड्यात पालथी ठेवायची आणि घडीवर दोन पिना मारायच्या. त्यामुळे माझ्या वरच्या जबड्याला मुखपृष्ठ दिसे आणि खालच्याला अगदी मधले पान. बाकीची पाने एकमेकांत मिटलेली. इतक्या कथा मी टाचल्या, पण एकीचीही सुरुवात मला ठाऊक नाही आणि शेवटही नाही.

मला पुष्कळ गोष्टींचा उलगडा होत नसे. रडणाऱ्या माणसाचे चित्र काढताना वेर्ना खुदखुदत असे. जी माणसे तिला फार आवडत, त्यांचीच नाके ती सगळ्यांत मोठी काढी. तिच्यासारखे स्वतःच छापणारे व्यंगचित्रकार वर्षातून एकदा मिनियापोलिसच्या एका सभागृहात टेबले मांडून बसत. दार उघडेपर्यंत निम्मे जण टेबलाखाली बसून पाने टाचत असत. मग दिवसभर आपली पुस्तिका द्यायची आणि दुसऱ्याची घ्यायची. घरी येताना पेटी नेली तेवढीच जड. मग गेलो कशाला होतो, हे मला कळले नाही.

त्या लोकांची आणखी एक रीत होती. ते आपल्या घरच्यांना चित्रांत काढत आणि आधी विचारत नसत.

१९९४ च्या हिवाळ्यात वेर्नाचे वडील गेले. पुढच्या वर्षी तिने त्यांच्यावर एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर बंदराची गोदी होती. मधल्या पानावर चर्चचे अंगण, बर्फ, आणि आपल्या ट्रकमध्ये तोंड उघडे टाकून झोपलेला रेनो. बाहेर लोक शवपेटी उचलून नेत होते. मी ते पान टाचले आणि मला वेर्नाचा राग आला. स्वतःच्या भावाला असे कोणी काढते का?

टाचलेली पुस्तिका हातात घेतली की आपोआप मधोमध उघडते. नाताळला रेनोने ती हातात घेतली, तेव्हाही तसेच झाले.

"वेर्ने, हे काय आहे?"

"वाच ना."

"काय वाचू? बापाच्या अंत्यविधीला मी घोरत पडलो होतो, हेच ना? सगळ्या गावाने तोंडावर ऐकवलं. आता तू जगाला वाटत फीर!"

"अरे, आधी पहिल्यापासून तर बघ."

"नाक तरी माणसाचं काढायचंस!" असे म्हणून त्याने पुस्तिका टेबलावर आपटली आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणे टाकले. रेनोची बायको सेल्मा येई, वेलदोड्याचा पाव ठेवून जाई. "एकदा समजावून सांग ना त्याला," ती म्हणे. वेर्ना मान हलवी. "मी सगळं काढून ठेवलंय. त्याने फक्त पान उलटायचंय." मला दोघांचेही पटत होते आणि दोघांचाही राग येत होता.

वर्षे गेली. सभागृहात एकदा एका मोठ्या प्रकाशकाचा माणूस ती पुस्तिका चाळून म्हणाला, "बाई, आम्ही छापतो. पण या भावाला एक तर थोडं वाईट करा, नाही तर थोडं चांगलं. वाचकाला कळायला हवं."

वेर्ना म्हणाली, "माझा भाऊ मलाच कळत नाही, तुमच्या वाचकाला कुठून कळणार?"

पुस्तक काही झाले नाही. परतताना ती गाडीत गाणे म्हणत होती. ते आनंदाने की कशाने, देव जाणे.

मग तिच्या हातांना कंप सुटला. बस चालवणे सुटले, रेघ वाकडी जाऊ लागली. मी फडताळात पडून राहिलो, गंजलो. एका थंडीत तिने वडिलांवरची ती जुनी पुस्तिका पुन्हा काढायची ठरवली, पण घडी काही जमेना. सेल्माने हे पाहिले आणि घरी जाऊन नवऱ्याला बहुतेक खूप सुनावले असावे. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी रेनो दारात उभा होता.

"सेल्माने पाठवलं," तो म्हणाला. "कागद कुठे आहेत?"

"बूट काढ आधी."

टेबलाभोवती पानांचे गठ्ठे मांडले होते. फेरी मारत एकेका गठ्ठ्यातला कागद उचलायचा आणि एकात एक घालायचा. रेनो सुतार. त्याची घडी सुरीसारखी पडत होती. चालता चालता तो एका गठ्ठ्यापाशी थांबला. मी शेजारीच होतो. ते पान मीही पहिल्यांदाच पाहत होतो. रेनोचे गॅरेज, दिव्याखाली वाकलेली त्याची पाठ, अर्धी झालेली शवपेटी. पुढच्या चित्रात खिडकीत पहाट झालेली, आणि रेनो अजून रंधा मारतोय.

त्याने तो कागद गठ्ठ्यातून उचलला.

"हे आधीपासून होतं?"

"पहिल्यापासून."

"रंधा उलटा धरलाय मी यात."

"मग तेव्हाच सांगायचंस, बैला!"

"तू दाखवायचंस, गाढवे!"

मला वाटले, आता पुन्हा भांडण जुंपणार. पण तो खाली बसला, हाताच्या पंजाने तोंड झाकून घेतले, आणि तिने आपला थरथरता हात त्याच्या मानेवर ठेवला. मग दोघांनी कॉफी घेतली आणि दिवसभर मला कामाला लावले. रंध्याचे चित्र तिने बदलले नाही. त्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या गठ्ठ्यांतली शेवटची पाने रेनोने एकट्याने टाचली, वेर्नाच्या अंत्यविधीसाठी. पिना उलट्या बाजूने मारल्या, टोके बाहेर. विधीनंतरच्या कॉफीसाठी चर्चच्या तळघरात मांडलेल्या प्रत्येक कपाशेजारी त्याने एकेक पुस्तिका ठेवली.

"अरे रेनो," शेजारची आइली बोट चोखत म्हणाली, "यात तर तू घोरतोयस!"

"घोरतोय. पण तिथून सुरू करू नकोस, आइली. मागे जा, पहिल्या पानावर."

आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. ज्या पानासाठी त्याने इतकी वर्षे बहीण टाकली, ते तो हातोहात वाटत होता. मला अजून याचा नीट अर्थ लागत नाही.

मित्रांनो, मला तेलाचा थेंब दिलात तर बरे वाटेल. नाही दिलात तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी काही काढत असेल, लिहीत असेल, तर ते पहिल्या पानापासून वाचा, आणि त्या माणसाच्या समोर बसून वाचा.

वेर्ना कोस्केला २०१६ सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, डुलुथच्या इस्पितळात वारली. रेनो अजून आहे.