सहावा शत्रू

माणसाचे सहा शत्रू असतात आणि ते सहाही त्याच्याच तोंडात, वरच्या दातांत, अगदी दर्शनी भागी राहतात, असं बालीतला पेकाक रापिग, म्हणजे रापिग आजोबा, पन्नास वर्षं ठणकावून सांगत आला होता. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. उजव्या सुळ्यापासून डाव्या सुळ्यापर्यंत, दाताला एक. ही वाटणी कुठल्याच पोथीत नव्हती, त्याची स्वतःची होती. पण तिला आव्हान कधी कोणी दिलं नाही, कारण तो ती सांगायचा तेव्हा ऐकणारा आडवा झोपलेला असायचा आणि त्याच्या दाढांमध्ये उसाचं कांडकं अडकवलेलं असायचं.

आज तो स्वतः आडवा होता. बांग्लीच्या बाजारामागे, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत. गाल पेरूएवढा सुजलेला, अंगात कणकण. सहावा शत्रू, म्हणजे डावा सुळा, चार दिवस त्याला भाताची पेजसुद्धा गिळू देत नव्हता.

रापिगच्या घराण्याचं कामच ते. बालीत पोर वयात आलं की चांगला दिवस पाहून त्याचे वरचे सहा दात कानशीने घासून एका रेषेत आणतात, म्हणजे आतले शत्रू बोथट होतात. गावातले निम्मे शत्रू रापिगच्या बापाने बोथट केले, उरलेले रापिगने. तरीही पाटाच्या पाण्यावरून व्हायची तेवढी भांडणं होतच राहिली, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टर लुह सुकेर्ती हिचेही दात त्यानेच घासले होते. सोळा वर्षांची असताना ती इतकी रडली होती की त्याने तिला चघळायला उसाचं एक कांडकं जास्त दिलं होतं. आता ती एक्स-रे दिव्यासमोर धरून उभी होती. हत्यारांच्या पूजेचा दिवस परवाच झाला होता. चिमट्यांच्या ताटलीत सुकलेली फुलं अजून तशीच होती. हे रापिगला पटलं. घरी त्याने आपल्या कानशींनाही नैवेद्य दाखवला होता.

"पेकाक, हा काढावा लागणार," ती म्हणाली.

आपल्या आजोबाच्या वयाच्या माणसाला असं तोंडावर सांगतात का, असं त्याने विचारलं. दात वाचत असेल तर मी हात लावत नाही, असं ती म्हणाली आणि मग तिने सगळं समजावून सांगितलं. मूळ उभं चिरलंय. खाली पू धरलाय, त्याने हाड पोखरलंय, म्हणून दात असा झोके घेतोय. चिरलेल्या मुळात काही भरता येत नाही आणि वरून टोपी बसवली तर ती दातासकट पडेल. ठेवला तर शेजारचाही जाईल.

शेजारचा म्हणजे मद. त्याचं रापिगला एवढं वाटलं नसतं, पण तोही बापानेच घासलेला होता.

"आणि हा एवढा खोल कोणी घासला? पार आतल्या नसेजवळ गेलाय. सगळं दुखणं तिथून सुरू झालंय."

"नारळावरून पडलो होतो," रापिग म्हणाला. अठ्ठावन्न वर्षं तो हेच सांगत होता.

"नारळाला कानस बांधली होती का?"

छताला एक पाल होती, तीही उत्तराची वाट बघत असावी.

बापाचा हात म्हणजे मोजका हात. दाताला इतके घासे म्हणजे इतकेच, एक कमी नाही की जास्त नाही. शेकडो तोंडं झाली, कुठे चूक नाही. मग स्वतःचा मुलगा समोर आडवा झाला. पाच दात नीट झाले. सहाव्याला बाप मोजणी विसरला. रापिगच्या कपाळावर थेंब पडला. त्याला वाटलं, तीर्थ शिंपडलं असेल. पण तीर्थ थंड असतं.

त्या दिवसाबद्दल बाप पुढे चकार शब्द बोलला नाही. फक्त मरेपर्यंत ताटातल्या माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा न चुकता मुलाच्या भातावर ठेवत राहिला. मुलगा चाळिशीला आला तरी. सून बघत असली तरी.

"आठ दिवसांनी कोमांगचे दात घासायचेत ना?" डॉक्टरने विचारलं.

हो. नातीचा मुहूर्त ठरला होता. त्यानंतर ती प्रवासी बोटीवर नोकरीला जाणार होती. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मी आडवी होणार नाही, असं तिने घरात सांगून टाकलं होतं. आणि तापाने थरथरणारा हात काय करतो हे रापिगइतकं कोणाला ठाऊक होतं? बापाला तर ताप नव्हताच.

तो हळूच म्हणाला, "पण लुह, वर गेल्यावर बाप घासलेले दात बघून ओळखणार मला. हाच नसला तर?"

डॉक्टरने एक्स-रे खाली ठेवला. "बाप सगळ्यात आधी कुठला दात बघेल?"

"हाच."

"मग तिथे खिंडार दिसलं की ओळखलंच. आणि दात मी तुम्हाला धुऊन देते. पिवळ्या शहाळ्यात घालून घरच्या देवळामागे पुरा, सगळ्यांच्या घासलेल्या दातांचा चुरा पुरता तसा."

रापिगने मान हलवली. बरोबर होतं ते. अठ्ठावन्न वर्षं राखलेली बापाची चूक आता बापाच्याच हवाली करायची. त्याने दोन्ही हात पोटावर जोडले आणि जबडा उघडला. गाल बधिर झाल्यावर डॉक्टरने तोंड उघडं राहावं म्हणून रबराचा ठोकळा उचलला, तेवढ्यात म्हाताऱ्याने हात वर केला. आशीर्वाद देणार असेल असं वाटून तिने डोकं पुढे झुकवलं.

"ते रबर नको," तो बधिर ओठांतून म्हणाला. "बाहेर रसाची गाडी आहे. उसाचं एक कांडकं मागव. सोललेलं बघ."